सगळं काढा

माझं शिलाईचं दुकान आहे, आणि मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगते. धाकटी बहीण माझ्याच हाताखाली शिकली. एकदा तिने गिऱ्हाइकाचं रेशमी कापड न मापता कापलं, तर मी तिला महिनाभर फैलावर घेतलं होतं. "महामाये, कापलेलं कापड रडून जोडता येत नाही!"

लग्नाला सहा वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. गेल्या वर्षी पोट वाढायला लागलं तेव्हा ती काय हरखली! मीच तिच्या कुर्त्यांच्या शिवणी उसवून सैल केल्या. तपासलं तर मूल नाही, गाठ. सोनोग्राफीवाले म्हणाले, अंडाशयाची दिसते, लक्षण बरं नाही. घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारेना. सगळे 'ते' म्हणायला लागले.

ऑपरेशन अर्ध्यावर असताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "आत सगळं चिकटलंय. गाठ कुठून आलीय ते नीट कळत नाही. नुसती गाठ काढून रिपोर्टची वाट बघू, की गर्भपिशवीसकट सगळं काढू? कॅन्सर निघाला तर पुन्हा पोट उघडावं लागेल."

तिचा नवरा भिंतीला टेकून रडत होता. म्हणाला, "ताई, तुम्ही सांगाल तसं."

मी घाबरले होते. आणि घाबरले की मी घाई करते. "सगळं काढा," म्हणाले. त्याच्यापुढचा कागद ओढून सहीसुद्धा मीच ठोकली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "गाठ काढली ना गं?"

"काढली," म्हणाले. बाकीचं रिपोर्ट आल्यावर सांगू, हेही मीच ठरवलं. "तिला मीच सांगते," म्हणून डॉक्टरीणबाईंनाही गप्प बसवलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. बाईंनी कागद दोनदा वाचला. "कॅन्सर नाही. फायब्रॉइड आहे, पिशवीचीच साधी गाठ. देठावर लोंबून बाजूला सरकली होती, म्हणून अंडाशयाची वाटली."

"अगं बाई! सुटलो गं!" मी ओरडलेच. तिचा नवरा मात्र तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. मला वाटलं, आनंदाने.

बहिणीने माझा हात घट्ट धरला. हसत होती, डोळ्यांत पाणी होतं. मग बाईंकडे वळून म्हणाली, "मग आता मुलासाठी किती महिने थांबायचं?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. साधी गाठ! म्हणजे नुसती गाठ काढायला सांगितली असती तर... आठ दिवस, फक्त आठ दिवस धीर धरला असता तर!

"पिशवीपण काढलीय," मी म्हणाले. "मीच सांगितलं काढायला. सही माझी आहे."

ती किंचाळली असती, मला दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. माझा हात तिच्या हातात तसाच होता.

"न मापताच कापलंस, ताई?"