चौकातल्या फळ्याची लाज

मित्रांनो, मी एक जुना वार्ताफलक आहे. पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावच्या एसटी थांब्याजवळ उभा असतो. मला मान नाही, नाहीतर ही गोष्ट मी खाली मान घालूनच सांगितली असती.

अबरार मिस्त्रींनी सागाच्या फळ्या जोडून मला बनवलं. रोज सकाळी निवृत्त पोस्टमन धोंडीरामतात्या पेपर वाचून माझ्यावर बातम्या लिहायचे. गेवराईकडे ट्रक उलटला, अतिवृष्टीत कापूस भिजला, कुठे वाळूवरून डोकी फुटली. बातमी जेवढी वाईट, तेवढी माझ्यापुढे गर्दी. खरं सांगू? मला ती गर्दी फार आवडायची.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत, वसुबारसेला, हॉटेलवाला बजरंग धापा टाकत आला. "तात्या, छबुबाई वारली! बीडच्या दवाखान्यातून आलेला मानूस सांगून गेला."

दवाखान्यात असलेल्या छबुबाईंच्या घरी एक फोन करावा, एवढंही तात्यांना सुचलं नाही. सगळ्यांच्या आधी बातमी द्यायची हौस ना! 'छबुबाई यांचे दुःखद निधन' असं त्यांनी ठसठशीत लिहिलं, रंगीत खडूने कोपऱ्यात दोन कमळंही काढली. माणसं जमली, हळहळली. आणि मी मेला मिरवत उभा राहिलो.

तेवढ्यात पुण्याची बस आली. तिच्यातून वनमाला उतरली, छबुबाईंची एकुलती एक लेक. आईला दवाखान्यातून घरी आणायला आली होती, हातात फराळाचा डबा होता. तिची नजर माझ्यावर गेली आणि ती मटकन खाली धुळीत बसली. "आये गं!" एवढंच तिच्या तोंडून आलं. मित्रांनो, त्या घडीला वाळवीने मला पोखरून टाकलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

फळं विकणाऱ्या जुलेखाबी गाडा सोडून धावल्या. "रडू नको बेटी, आदी इचारू तर दे!" म्हणत त्यांनी थेट छबुबाईंनाच फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "कोन मेलं? मी तर च्या पितेय! शेजारच्या खाटेवरची बाई गेली बिचारी. वनी आली का?"

वनमाला हसत हसत रडली. तात्यांनी उपरण्याने मला पुसलं. मग ते घरी गेले ते आलेच नाहीत. सारी दिवाळी मी कोरा होतो.

भाऊबीजेला छबुबाई स्वतः चौकात आल्या. जुलेखाबींच्या नातीला, उज्माला, पाठवून त्यांनी तात्यांना बोलावून घेतलं.

"भावजी, खडू घ्या."

"न्हाई वैनी. लई मोठं पाप झालंय माज्या हातून."

"झालंय तर खरंच. माजी लेक त्या दिसापासून धड जेवली न्हाई. पन खडू टाकून काय व्हनार? यंदाच्या पावसानं केलेली नासधूस लिव्हा, आन आपल्यातलं चांगलं बी लिव्हा."

उज्माच्या शाळेला सुट्टी, तिच्या अंगात आनंद मावत नव्हता. "आमच्या शेळीला तीन करडं झाली, तात्या! तिन्ही उबी राह्यली!"

तात्यांनी खडू उचलला आणि परत ठेवला. आधी ते जुलेखाबींच्या दारी गेले, करडं डोळ्यांनी बघून आले, मगच लिहिलं. दुसऱ्या दिवशी, छबुबाईंच्या वाहून गेलेल्या परसात कारल्याचा वेल आपोआप उगवला, ही बातमी होती. ती लिहिण्याआधीही तात्या गुडघाभर चिखल तुडवत जाऊन आले. शेजारीच पावसाच्या नुकसानभरपाईची बातमीही होती, पण पोरं वेल बघायला पळाली.

चार दिवसांनी वनमाला पुण्याला निघाली. पाऊण तास थांब्यावर उभी होती. माझ्यावर करडं होती, वेल होता, ओळीने सगळं चांगलंच लिहिलेलं होतं. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बस येईपर्यंत ती पाठ फिरवून उभी राहिली.

मित्रांनो, कुणाच्या घरची बातमी तुमच्या हाती आली, तर पुढे पाठवण्याआधी त्या घरी एकदा विचारा. माझ्यावरची ती अक्षरं एका उपरण्याने गेली. वनमालाच्या डोळ्यांसमोरून ती अजून गेलेली नाहीत.