न तुटलेला बगळा

मेल्खिओरने ढाल पालथी घातली, गुडघ्याखाली दाबली आणि तिच्या पाठीवर करवत धरली. घाव पडायचा तो बरोबर मधोमध, म्हणून चीरही मधोमध हवी. अर्ध्या जाडीपर्यंत खाली जायचं, त्यापुढे एक केसभरही नाही. मग त्या चिरेत काजळी कालवलेलं मेण भरायचं, म्हणजे कुणाच्या बापाला दिसत नाही. हे त्याच्या गुरूने त्याला शिकवलं होतं आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथही घातली होती.

गावात मोठ्या घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की त्याच्या थडग्यावर घराण्याची ढाल फोडायची, ही रीत. नगरसभेचे वडील, म्हणजे तिथले प्रमुख, घणाने घाव घालतात आणि म्हणतात, आज अमुक घराणं, आणि पुन्हा कधीच नाही. तुकडे शवपेटीवर टाकले की संपलं. ते नाव, ते चिन्ह, त्यानंतर कुणी लावायचं नाही. म्हातारे बॅरन डीट्रिख फॉन हाल्डेनेक काल गेले. परवा दफन होतं, आणि निळ्या ढालीवरचा रुपेरी बगळा परवा फुटायचा होता.

आता हा बगळा मेल्खिओरने काढलेला नव्हता. गावाला वाटायचं तसं, आणि दारावरच्या पाटीवर नावही त्याचंच होतं. पण अकरा वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांवर पडदा आला, आणि तेव्हापासून गावातला प्रत्येक सिंह, प्रत्येक गरुड आणि आता हा बगळा आफ्राच्या हातचा होता. आफ्रा त्याची एकुलती एक मुलगी. चिताऱ्यांच्या पंचायतीत बाईच्या हाताला मान नाही. म्हणून ती आतल्या खोलीत बसून रंगवायची आणि मेल्खिओर बाहेर बसून शाबासकी घ्यायचा. त्याची त्याला लाज वाटत नव्हती असं नाही, पण लाजेने चूल पेटत नाही.

चीर पुरी होते न होते तोच दारात ओटिलियाबाई उभी राहिली. बॅरनची मुलगी, चाळिशीची, लग्न न केलेली. बापाच्या उशाशी बसून तिची वीस वर्षं गेली होती. मेल्खिओर लगबगीने उठला आणि त्याने ढाल सुलटी करून तिच्यापुढे धरली.

तिने वाकून बगळा जवळून पाहिला. मग तिने विचारलं, की तो नेहमी याच बाजूला का बघतो. मेल्खिओरने सांगितलं, की ढाल डाव्या हातात धरतात. चाल करून जाताना प्राण्याने पुढे बघायला हवं, पाठ दाखवून चालत नाही.

"आणि बाईच्या चिन्हावर?"

"बाईला ढाल नसते, बाईसाहेब," तो अवघडून म्हणाला. "बायका लढाईला जात नाहीत ना. शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी असते, त्यावर काढतात."

"शंकरपाळ्याच्या," ती म्हणाली, आणि हसली नाही.

मग तिने ढाल स्वतःच उलटी केली आणि चिरेवरून बोट फिरवलं. लपवण्यात अर्थ नव्हता. एका घावात तुटावी म्हणून, असं त्याने सांगून टाकलं. नाहीतर चारचौघांत नगरसभेच्या वडिलांची शोभा होते.

"आणि नाहीच तुटली तर?"

"तीन घाव घालतात. तिसऱ्यालाही तुटली नाही, तर ढाल घराकडे परत जाते आणि नाव राहतं, असं जुने लोक सांगतात. पण तसं घडलेलं मी पाहिलं नाही. घडलं, तर ढाल करणाऱ्याची पाटी दुसऱ्या दिवशी खाली येईल."

ओटिलियाबाईने ढाल फळीवर ठेवली.

"परवा मी थडग्यापासून तीन पावलांवर उभी असेन," ती म्हणाली. "माझ्यासमोर ते सांगणार, की या घरातलं कुणी उरलं नाही." मग दाराशी गेल्यावर म्हणाली, "तुमच्या पोटावर पाय द्यायला मी आले नव्हते, मेल्खिओर. नुसती बघायला आले होते."

ती गेल्यावर आतल्या खोलीतला रंग कुटणाऱ्या बत्त्याचा आवाज थांबला. आफ्रा निळा रंग लागलेले हात पुसत बाहेर आली. मेण माझ्याकडे द्या म्हणाली, तुमचा हात थरथरतो, सांडेल. ते खरंच होतं. मेल्खिओरने वाटी तिच्याकडे सरकवली.

"बाबा, तुमच्यामागे आपली पाटी कोण उतरवेल हो? पंचायत, की मीच?"

"वेळ काय, बोलतेस काय," तो खेकसला. "नियम मी केलेत का?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही फक्त पाळलेत."

हे त्याच्या जिव्हारी लागलं. तो टोपी घालून सूर्य मावळेपर्यंत नदीवर जाऊन बसला.

दफनाच्या दिवशी सकाळी सगळं गाव दफनभूमीत लोटलं. पुढे नगरसभेचे वडील सेबाल्डसाहेब, मागे पुरुष, त्यांच्या मागे बायका. ओटिलियाबाई तेवढी थडग्याजवळ, तिने सांगितलं होतं तशी तीन पावलांवर. ढाल दोन दगडांवर आडवी ठेवली होती. सेबाल्डसाहेबांनी खड्या आवाजात म्हटलं, "आज हाल्डेनेक, आणि पुन्हा कधीच नाही," आणि घण घातला.

निळ्या रंगाचा एक टवका उडाला. ढाल तशीच राहिली.

 मागून कुणीतरी खाकरलं. सेबाल्डसाहेबांनी घण सावरला, पुन्हा तेच शब्द म्हटले, या खेपेला जरा हळू, आणि दुसरा घाव घातला. बगळ्याच्या मानेवर खोक पडली. तिसऱ्या घावाला त्यांची टोपी खाली पडली आणि खालच्या दोन दगडांतला एक सरकला. ढाल गवतात जाऊन पडली, पण अखंड.

कुणी हसलं नाही. बायकांमध्ये एक म्हातारी छातीवर क्रूसाची खूण करत होती.

"मेल्खिओर," सेबाल्डसाहेबांना धाप लागली होती. "इकडे ये."

तो गेला. त्याने गुडघे टेकले आणि ढाल पालथी केली. डोळ्यांना सगळं धूसर होतं, म्हणून त्याने चिरेवर नख लावलं. मेण असतं तर नख रुतलं असतं. नख रुतलं नाही. चिरेत टणक लाकडाची सलग पट्टी बसवलेली होती, आतून सरस, वरून काजळी, आणि सांधा असा बेमालूम, की बोटाला कळायलाही दोनदा फिरवावं लागलं. मेल्खिओरच्या मनात आधी राग आलाच नाही. असा सांधा आपल्याला उभ्या जन्मात साधला नाही, हेच आधी मनात आलं.

"ही ढाल कुणी केली?" सेबाल्डसाहेबांनी विचारलं.

पंचायतीचे तिघे पुढेच उभे होते. मी, एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा झाला, हात चुकला, म्हणून लोकांनी कीव केली असती. पाटीही कदाचित एखादं वर्ष राहिली असती. मेल्खिओरने मागे वळून बायकांच्या गर्दीकडे पाहिलं. चेहरे त्याला दिसत नव्हते, पण एक जण निळे हात शालीखाली न लपवता उभी होती.

"माझ्या मुलीने," तो म्हणाला. "आफ्राने. आणि गेल्या अकरा वर्षांतलं सगळं तिनेच केलंय. तुमच्या दिवाणखान्यातला सिंहसुद्धा, साहेब."

सेबाल्डसाहेबांनी खाली पडलेली टोपी उचलली. पंचायतीचे तिघे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात ओटिलियाबाई तीन पावलं चालून आली.

"तीन घाव झाले," ती म्हणाली. "आता ढाल घराकडे जाते."

"पण घरात कुणी..." सेबाल्डसाहेबांनी सुरुवात केली आणि तिच्या तोंडाकडे पाहून वाक्य तिथेच सोडलं.

तिने वाकून ढाल उचलली, डावा हात पट्ट्यात घातला आणि फाटकाकडे चालू लागली. लोक बाजूला झाले.

गर्दी पांगली तरी मेल्खिओर गवतातच बसून होता. आफ्रा येऊन शेजारी उभी राहिली. दोघांनाही ठाऊक होतं, उद्या पाटी खाली येणार.

"सरस कुठला वापरलास?" त्याने विचारलं.

"माशाचा."

"हं." त्याने उठण्यासाठी तिच्यापुढे हात केला. "बगळा कुठवर गेला बघ. मला दिसत नाही."

"फाटकाबाहेर पडला, बाबा," आफ्रा म्हणाली. "पुढेच बघतोय."