पिवळाधमक स्वेटर

"डोळा जिथं ठरायला हवा, तिथं गरम रंग दे. खरं-खोटं कुणी बघत नाही." हे तिच्या जुन्या साहेबांचं सांगणं. साबणाच्या खोक्यांची डिझाइनं करता करता ते तिच्या अंगात मुरलं. पुढं नोकरी सोडून ती जुने काळे-पांढरे फोटो मोठ्या कॅनव्हासवर रंगीत करू लागली, तरी साहेब काही तिच्या हातातून उतरले नाहीत.

आईचा आणि धाकट्या मामाचा फोटो तिनं असाच रंगवला. मामा जेमतेम सहा वर्षांचा, पायरीवर उभा. त्याच थंडीत तो तापानं गेला. अंगातला स्वेटर आईनं स्वतः विणलेला. तो तिनं पिवळाधमक केला, आणि चित्र कसं झळकून उठलं! बघणाऱ्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मग ते आईच्या पलंगासमोर लागलं.

"मामा अगदी साबणाच्या जाहिरातीतला वाटतो गं," दादा म्हणाला होता. तीही हसली होती.

वर्ष उलटलं. आज दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता आई एकदम म्हणाली, "अगं, तो पिवळा नव्हता."

"मग कुठला होता?"

आईनं डोळे मिटले. ओठ हलले, थांबले. "रोज झोपताना मी त्याला आठवायची. नीट दिसायचा. आता डोळे मिटले की तुझाच पिवळा मध्ये येतो."

"आठव ना, आई. हिरवा? तांबडा?"

"नावं घेऊ नकोस गं बाई. तू म्हणशील तोच दिसायला लागेल मला."

विचारायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. चित्र रंगवत होती तेव्हा आई शेजारच्याच खोलीत मटार सोलत बसलेली. उठून विचारावं, हे तिला सुचलंसुद्धा नव्हतं.

"उतरवून ठेवू का चित्र?"

"नको. त्याचं तोंड गोड आलंय. तेवढा रंग काढ फक्त. फोटोत आहे तसा राखाडी कर. कदाचित..."

"करते."

"नक्की?"

"नक्की, आई."

गेलेला रंग राखाडीनं परत येईल की नाही, देव जाणे. तिला तरी तसं वाटत नव्हतं.

आईचा डोळा लागल्यावर तिनं स्टुलावर चढून चित्र अलगद उतरवलं, आपल्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि बशीतल्या पांढऱ्यात थोडा काळा कालवायला घेतला.