कपाटामागचा काटा

चौकशीला आलेल्या साहेबांनी पेन डोळ्यांसमोर उभं धरलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सांगितलं. समोरून बघितलं तर पेनाचं टोक बारा तारखेवर. मान उजवीकडे नेली की तेच टोक अकरावर. पेन हललं नव्हतं, कॅलेंडरही नव्हतं. हलला तो बघणारा.

"याला पॅरॅलॅक्स म्हणतात," साहेब म्हणाले. "काटा पुढे, आकडे मागे, मधे बोटभर जागा. बाजूने बघितलं की आकडा चुकणारच. म्हणून मोजमाप नेहमी समोरून घ्यायचं."

काटेमामा खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. धुलाई कारखान्यात बावीस वर्षं त्यांनी वाफेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवली होती, म्हणून हे नाव पडलं. आपण नऊ वर्षं ज्याच्याशी झटापट करतोय त्याला एवढं भारदस्त नाव आहे, हे त्यांना आजच कळत होतं.

नऊ वर्षांपूर्वी सुपरवायझरने आपलं लोखंडी कपाट बरोबर त्या काट्यासमोर आणून ठेवलं. काटेमामांनी तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, मान वाकडी करून बघा, मान मोडत नाही. तेव्हापासून मामा कपाट आणि भिंत यांच्या फटीत, उजव्या बाजूला, अंग चोरून उभे राहत आले होते.

युनियनचा पुढारी तर हरखूनच गेला. दोष कपाटाचा, म्हणजे सुपरवायझरचा. मामांच्या नोकरीला धक्का लागणार नव्हता. सुपरवायझरचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता आणि ते बघून मामांना बरं वाटलं, हेही खरं. फक्त त्या दोघांच्या पलीकडे, बाकावर, दाजी बसले होते.

दाजी म्हणजे मामांच्या बहिणीचे यजमान, याच कारखान्यात इस्त्रीखात्यात कामाला. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. इस्त्रीखात्याची वाफेची नळी जुनी, म्हणून दाब पंचावन्नच्या वर असला तर तिचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही असा नियम. त्या दिवशी मामांनी चौपन्न सांगितला. दाजींनी व्हॉल्व्ह उघडला आणि नळीचा सांधा फुटला. दाब छप्पन्न होता. बहीण तेव्हापासून भावाचं तोंड बघत नव्हती. दवाखान्याच्या दारात तिने एवढंच विचारलं होतं, "दादा, मुद्दाम केलंस का रे?"

साहेबांनी कागद पुढे सरकवला. बाजूने पाहावं लागल्यामुळे आकड्यात चूक झाली, चालकाला याची कल्पना नव्हती, असं त्यावर लिहिलं होतं. सही करायची आणि सुटायचं. मामांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"कल्पना होती, साहेब."

पुढारी खाकरला. मामांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"रंगकामाच्या वेळी एकदा कपाट हललं होतं. तेव्हा समोरून बघितलं, मग माझ्या जागेवरून बघितलं. माझ्या जागेवरून दोन कमी दिसतात. तेव्हापासून रोज दोन मिळवून लिहितो. कुणाला सांगितलं नाही. सांगून कोण ऐकणार होतं?"

"मग त्या दिवशी?"

मामांनी दाजींकडे पाहिलं. वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. आई बहिणीकडे होती आणि मामांचं तिकडे जाणं आज-उद्यावर राहिलं होतं. त्या सकाळी दाजी बॉयलरखोलीच्या दारात उभे राहून चारचौघांत म्हणाले होते, आकडा लवकर सांगा, आईला लावता तशी वाट बघायला लावू नका. बोलणं वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. मामांनी दिसला तो आकडा तोंडावर फेकला.

"त्या दिवशी मिळवले नाहीत," मामा म्हणाले.

"चुकून की मुद्दाम?"

"रागात."

साहेबांनी कागद फाडला आणि दुसरा घेतला. दुपारपर्यंत निर्णय झाला. मामांनी बॉयलरखोली सोडायची, पुढचं वरिष्ठ ठरवतील. हातातोंडाशी आलेला घास घालवलात, असं म्हणून पुढारी निघून गेला. सुपरवायझर मात्र खुशीत होता. कपाटाला हात लावायची आता काही गरज नाही, असं त्याने जाता जाता ऐकवलं. दोष माणसात निघाला होता ना.

मामा दाबाच्या नोंदींची वही सुपूर्द करायला खोलीत आले. कपाट जिथल्या तिथे होतं. उद्या इथे नवा माणूस येईल, याच फटीत उभा राहील, आणि त्याला दोन मिळवायचे हे ठाऊक नसेल. मामांनी कपाटाला खांदा लावला. ते जागचं हललं नाही. पुन्हा लावला.

मागून कुणीतरी आलं. दाजींनी पट्ट्यांचा हात छातीशी धरला आणि डावा खांदा कपाटाला टेकवला. लोखंड फरशीवर करकरलं. हातभर, मग आणखी हातभर. बाहेरून सुपरवायझर ओरडला. दोघांनीही वळून पाहिलं नाही. काटा पुरता मोकळा झाला तेव्हा दोघांना धाप लागली होती.

"माफ केलं असं समजू नका," दाजी म्हणाले.

"नाही समजत."

"आई विचारते तुमचं. मी काही सांगत नाही."

मामांनी वही उघडून दुपारच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि सवयीने फटीच्या जागेकडे वळले. पण दाजी आधीच काट्यासमोर जाऊन उभे होते, ताठ, अगदी समोर.

"बावन्न," दाजी म्हणाले.

मामांनी मान वर केली नाही. ऐकला तसा आकडा लिहिला.