मिलुंकाताईंचा कप

मी एक जुनी जेझ्वा आहे, मित्रांनो. कॉफी उकळायचे लांब दांड्याचे तांब्याचे भांडे. सर्बियातल्या एका म्हाताऱ्या तांबटाने मला घडवले आणि मिलुंकाताईंनी बाजारातून उचलून थेट विद्यापीठात नेले. इतिहास विभागाच्या त्या सेक्रेटरी.

एकोणीस वर्षे मी रोज दहाच्या ठोक्याला उकळले. कॉफी संपली की कप बशीत उपडा घालायचा आणि गाळाच्या नक्षीत भविष्य पाहायचे, ही आमच्याकडची रीत. विभागात हे काम ताईंचे. खरे सांगू? त्यांना भविष्यातले ओ की ठो कळत नव्हते. त्या कपाकडे कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे जास्त पाहायच्या.

"ओग्न्येन, कपात वाट दिसतेय रे, पण वाटसरू झोपलेला नाही."

"प्रबंध पुन्हा परत आला, ताई," म्हणत तो तरुण साहाय्यक तिथेच रडला होता.

विभागातले प्राध्यापक रादोयित्सा सर विचारायचे, "माझ्या कपात काय? दुसरं लग्न?"

"साखर दिसतेय, सर. आधी डॉक्टर गाठा, मग नवरी बघू."

सर डॉक्टरकडे गेले, म्हणून वाचले. लोक कॉफीची स्तुती करत आणि मी उगाच फुगत असे.

आपला कप मात्र आपण वाचायचा नसतो; तो दुसऱ्याने पाहायचा. ताईंचा कप कोणी कधी मागितला नाही. त्या तो मुकाट्याने विसळून टाकायच्या.

पुढे विभागातली दोन पदे रद्द झाली. तिघांचे काम एकट्या ताईंच्या टेबलावर आले. त्यांचे माझ्यावर लक्ष राहीना, मी वरचेवर उतू जाऊ लागले.

"ताई, प्रेमात पडलात की काय?" रादोयित्सा सर म्हणाले. सगळे हसले. ताईही हसल्या.

मार्चमधल्या एका सकाळी ताईंनी आपला कप उपडा घातला आणि ओग्न्येनपुढे सरकवला.

"जरा बघ ना रे, काय दिसतंय."

"तुमच्या कपात काय असणार, ताई? आम्हीच!" तो घाईत होता. "तेवढं हे पत्र आजच पाठवा हं."

सरांनी वर्तमानपत्रातून मान काढली नाही. तो कप दुपारपर्यंत तसाच पडून होता. मी शेजारीच होते, पण मला वाचा कुठली!

दुसऱ्या दिवशी ताई आल्या नाहीत. कामावर निघालेल्या त्या घराच्या उंबऱ्यातच बसल्या आणि त्यांना उठताच येईना. मनाच्या आजाराच्या इस्पितळात त्यांना ठेवले. विभागात त्या परत आल्या नाहीत.

ओग्न्येन भेटून आला, तेव्हा त्याने सरांना सांगितले, "मला बघताच म्हणाल्या, 'झोप लागते ना रे आता?' मी 'हो' म्हटलं. मग विचारलं, 'आणि तुम्हाला, ताई?' तर नुसत्या बघत राहिल्या. एकोणीस वर्षांत त्यांना हे पहिल्यांदाच कोणी विचारलं, सर."

भिंतीवर आता कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचे मोठे पत्रक आहे, खाली फोन नंबर आहे. मी कपाटावर धूळ खात आहे.

माझे राहू द्या, मित्रांनो. तुमच्या शाळेत, कचेरीतही सर्वांची विचारपूस करणारे एखादे माणूस असेल. आज त्याच्यापाशी बसा, त्याचीही विचारपूस करा. "काही नाही, जरा दमलेय," असे उत्तर आले, तरी लगेच उठू नका.