मावशीचं डोकं दुखतंय

"मुलाला कशाची ॲलर्जी वगैरे?" जहाजावरच्या वेटरने वही उघडत विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"कोळंबी," माझी धाकटी बहीण म्हणाली.

आम्ही दोघी एकदमच बोललो. वेटरने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बहिणीकडे. "दोघींपैकी आई कोण?" त्याने हसत विचारलं आणि उत्तरासाठी पोरांकडे पाहिलं. माझा तेरा वर्षांचा मुलगा मेन्यूत डोकं घालून बसला होता. सोळा वर्षांच्या लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. पण त्याआधी तिची नजर मावशीकडे गेली होती, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"अगं ताई, तुला सांगितलं होतं मी," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. "गेल्या वर्षी त्याचं तोंड सुजलं होतं ना. तू नाइट करून आली होतीस, झोपेतच 'बरं' म्हणालीस."

मी अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेते. ॲलर्जी आहे का, हा प्रश्न मी दिवसातून पन्नास वेळा विचारते. अनोळखी माणसाच्या श्वासावरून मला सांगता येतं की तो घाबरलाय की खरंच घुसमटतोय. आणि माझ्याच पोराचं तोंड कशाने सुजतं ते मला माहीत नव्हतं. सूप आलं, ते मी मुकाट्याने प्यायले.

नऊ वर्षांपूर्वी माझा नवरा गेला तेव्हा धाकटी चार दिवसांसाठी आली होती. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. चार दिवसांचे चार महिने झाले, मग तिने तिच्या गावची दुकानातली नोकरी सोडली आणि आमच्या बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र मांडलं. मी शिफ्टवर शिफ्ट घेत गेले. घरी यायची तेव्हा पोरं खाऊनपिऊन, अभ्यास करून झोपलेली असायची. लोक म्हणायचे, नशीबवान आहेस, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. मीही म्हणायची. माय मरो पण मावशी जगो, अशी म्हण आपल्यात उगाच नाही. फक्त ती म्हण ऐकणारी माय जिवंत असली की तिला जरा अवघड जातं.

म्हणून ही सहल. शाळेला सुट्टी लागली, मला कित्येक वर्षांनी सलग रजा मिळाली, आणि मी तीन दिवसांच्या क्रूझचं ठरवलं. आम्ही तिघांनीच जायचं होतं. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी नाही तर मी पण नाही." त्यामुळे चार बर्थची केबिन घ्यावी लागली. खाली आम्ही दोघी, वर दोन पोरं.

पहिल्याच संध्याकाळी मला कळून चुकलं की मी जहाजात बसले तरी पोरांच्या होडीत मला जागा नव्हती. त्यांचे तिघांचे आपसातले विनोद होते. कुणी सुरकुतलेला शर्ट घालून गेलं की मुलगा नुसतं "चौथा मजला" म्हणायचा आणि तिघं पोट धरून हसायची.

"काय झालं चौथ्या मजल्याला?" मी विचारलं.

"ती लांबलचक गोष्ट आहे आई," लेक म्हणाली. "सांगून हसू नाही येणार."

मी डेकवर लेकीच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "मग, कॉलेजचं काय ठरवतेयस? मोकळेपणाने बोल. मी ऐकतेय."

"आई, तू फोनवरच्यासारखं बोलतेयस."

"म्हणजे?"

"म्हणजे, 'घाबरू नका, पत्ता सांगा' असं." ती हसली. त्यात वाईट हेतू नव्हता. पण दहा मिनिटांनी ती कठड्याशी मावशीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून हळू आवाजात काहीतरी सांगत होती, आणि धाकटी समुद्राकडे बघत नुसती "हं… हं…" करत होती. एक प्रश्नही विचारत नव्हती. मी उठून उगाचच जहाजाला एक फेरी मारून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज एका छोट्या बेटासमोर थांबलं. तिथून लहान होड्यांनी किनाऱ्यावर जायचं, दुपारी परतायचं. पोरं रांगेत उभी होती. ऊन कडक होतं, मी टोपी आणायला केबिनमध्ये आले. धाकटी बर्थवर बसून सँडलचे पट्टे लावत होती. तिने निळा कुर्ता घातला होता, स्वतः शिवलेला, नवा. ती चक्क सुंदर दिसत होती.

"आलेच," ती म्हणाली. "ताई, आज किनाऱ्यावर जरा निवांत बसू आपण दोघी, काय?"

मी काही ठरवून आले नव्हते. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे.

"अगं, तू आराम कर," मी म्हणाले. "पोरं म्हणत होती, आज आपण तिघंच जाऊ."

तिचा हात पट्ट्यावर थांबला. "पोरं म्हणाली?"

"त्यांना वाटलं असेल, आईबरोबर एक दिवस. तू वाईट नको वाटून घेऊस."

"छे गं, वाईट कशाला," ती म्हणाली आणि लावलेला पट्टा पुन्हा सोडला. "जा तुम्ही. पाण्याची बाटली घे. तो मागत नाही, पण त्याला तहान लागते."

वर येऊन मी पोरांना सांगितलं, "मावशीचं डोकं दुखतंय. झोपलीय ती."

"मी बघून येते," लेक वळली.

"नको, आत्ताच डोळा लागलाय तिचा." माझा आवाज नेहमीसारखा शांत होता. मला त्याचीच सवय आहे.

किनाऱ्यावर पहिला तासभर दोघं घुम्यासारखी बसली. मग मी चपला काढल्या, साडी खोचली आणि सरळ पाण्यात गेले. एक लाट आली आणि मी धपकन खाली बसले, गळ्यापर्यंत. मुलगा खो-खो हसत धावला, मला उठवायला गेला आणि स्वतःच पडला. मग लेकही आली. तिघं एकमेकांचे हात धरून लाटांना पाठ देऊन उभे राहिलो. मुलगा म्हणाला, "आई, तू पोहायला शिक ना." इतकंच. पण मला वाटलं, झालं की! मीच जिंकले. केबिनमध्ये एकटी बसलेली धाकटी डोळ्यांपुढे आली आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

ओल्या कपड्यांनी वाळूत बसलो तेव्हा मुलाने बाटलीतलं सगळं पाणी संपवलं आणि म्हणाला, "मावशीचं डोकं आजच दुखायचं होतं? आज ती तुला सांगणार होती."

"गप्प बस!" लेक ओरडली.

"काय सांगणार होती?"

मुलगा वाळू उकरायला लागला. शेवटी लेकीनेच सांगितलं. मावशी लग्न करणार होती. औषधांच्या दुकानातले ते उंच गृहस्थ, जे मला नेहमी गोळ्यांच्या वेळा पाकिटावर लिहून द्यायचे, तेच. त्यांची पत्नी जाऊन पाच वर्षं झाली होती. आता ते दुकान विकून आपल्या भावाजवळ, एका रात्रीच्या प्रवासाइतकं लांब राहायला चालले होते. शाळा सुरू व्हायच्या आत.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दोन महिने. मी आणि हा भेटलोय त्यांना, नीट. चांगले आहेत."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"मावशीला भीती वाटत होती."

"माझी? मी नाही म्हणेन म्हणून?"

"नाही आई," लेक म्हणाली. "तू लगेच हो म्हणशील म्हणून."

परतीच्या होडीत मी दोघांच्या मध्ये बसले होते. सकाळी हीच जागा मिळावी म्हणून मी खोटं बोलले होते.

धाकटी डेकवर खुर्चीत पुस्तक घेऊन बसली होती. निळा कुर्ता बदलून घरातला जुना घातला होता. पोरं धावत गेली. "मावशी, डोकं कसंय?"

तिने क्षणभर पोरांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघितलं. मी खाली पाहिलं.

"थांबलं आता," ती म्हणाली. "झोपले ना चांगली. तुम्ही एवढे कसे भिजलात?"

संध्याकाळी पोरं पोहण्याच्या टाकीवर गेली तेव्हा मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. लग्नाचं मला कळल्याचं पोरांनी तिला सांगून टाकलं होतं.

"मी खोटं बोलतेय ते तुला कळलं होतं ना, सकाळी?" मी विचारलं.

"अगं, पोराने सकाळीच स्वतःचा टॉवेल माझ्या पिशवीत कोंबला होता. मला सोडून जायचं असतं तर कोंबला असता का?"

"मग बोलली का नाहीस?"

"राग आला होता," ती म्हणाली. "मोठा आला होता. तुझ्या मागोमाग वर येऊन पोरांसमोरच विचारणार होते. जिन्यापर्यंत आलेसुद्धा. मग वाटलं, पंधरा दिवसांनी असंही त्यांना सगळं तुझ्याकडेच मागायचंय. आजपासून मागू देत."

मला ते सहन होईना. भांडली असती तर बरं झालं असतं. आता या मोठेपणाचाही मला हेवा वाटायला लागला.

"मला तुझा हेवा वाटतो," मी म्हणून टाकलं. "आज नाही, वर्षानुवर्षं. पोरं तुला सांगतात, मला सांगत नाहीत. घरी आले की मला पाहुणी असल्यासारखं वाटतं. तू गेलीस की ती माझी होतील, असंही वाटलं मला, होडीत. आत्ता. तू जाणार कळल्यावर पहिलं हेच वाटलं."

तिने कप खाली ठेवला.

"शाळेच्या फॉर्मवर एक ओळ असते," ती म्हणाली. "विद्यार्थ्याशी नाते. नऊ वर्षं मी तिथे मावशी लिहितेय. पोरगा तापाने फणफणला होता तेव्हा रात्रभर मी बसले, आणि सकाळी दवाखान्यात म्हणाले, सहीसाठी आईला बोलवा. तू कामावरून आलीस, एक सही केलीस आणि गेलीस. तुला काय वाटतं ताई, मला हेवा वाटला नसेल?"

मी तिच्या हाताला हात लावला. तिने तो काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

"चांगला आहे ना गं, तुझा होणारा नवरा?" मी विचारलं.

"चांगला आहे," ती म्हणाली. "त्याला दोन मुली आहेत. मोठ्या. त्यांना मी आवडत नाही अजून."

शेवटच्या दिवशी पहाटे समुद्र खवळला. खिडकीत उजाडत होतं आणि टेबलावरचे पेले एका बाजूकडून दुसरीकडे घरंगळत होते. वरच्या बर्थवरून मुलाचा बारीक आवाज आला.

"मावशी… मावशी, मळमळतंय."

मी डोळे उघडले. समोरच्या बर्थवर धाकटी जागी होती. तिचं पांघरूण अर्धं बाजूला झालं होतं, एक पाय जमिनीला टेकला होता. आमची नजरानजर झाली. तिने पाय परत वर घेतला, पांघरूण ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी उठून कोपऱ्यातली कचऱ्याची बादली उचलली. जहाज हलत होतं, शिडीचा दांडा घट्ट धरून वर चढले. पोराचे डोळे मिटलेले होते, कपाळ घामाने गार पडलं होतं. मी एका हाताने ती बादली त्याच्या तोंडापाशी धरली आणि दुसऱ्या हाताने त्याचं डोकं सावरलं. तो ओकला, पुन्हा ओकला, मग माझ्या मनगटावर गाल टेकून निपचित पडला.

"मावशी, जाऊ नकोस," तो पुटपुटला.

"नाही रे," मी म्हणाले. "इथेच आहे."