रेघेवर बसवलेले ठोके

माझ्या धाकट्या भावाला घरीदारी सगळे ठोक्या म्हणतात. चालायला लागायच्या आधी तो डबे बडवायला लागला, तेव्हा आईने वैतागून ठेवलेलं नाव. पुढे बँडनेही तेच उचललं. अल्बमच्या कव्हरवरसुद्धा 'ड्रम्स : ठोक्या' असंच छापलंय. छापलंय ते खोटं आहे आणि तो खोटेपणा माझा आहे. आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटपर्यंत माझ्याच पोटात दुखत राहील.

ही पोरं जे वाजवतात त्याला टेक्निकल डेथ मेटल म्हणतात. डेथ मेटल म्हणजे घसा खरवडून काढलेली गुरगुर आणि जिवाच्या आकांताने पळणारे ड्रम. टेक्निकल म्हणजे त्यात वर आणखी गणित. गिटारवाला मास्तर दिवसा शाळेत गणितच शिकवतो. त्याच्या गाण्यात आधी सात मात्रा, मग अकरा, मग पुन्हा सात. गुरगुरणारा एरवी इतका गप्प असतो की सगळे त्याला मौनी म्हणतात. आई म्हणते, "भांड्यांचं कपाट जिन्यावरून गडगडत खाली येतंय, आणि हे मेले कुठलं भांडं कधी पडलं ते मोजतायत." आईचं अगदीच चूक नाही.

ठोक्या पोटासाठी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. मेणाचे दात कोरायचे, कडा घासायच्या, सगळं केसभर अंतराचं काम. गेल्या वर्षी त्याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आपली आपणच आत वळायला लागली. मेणावर नको तिथे चरे उठायला लागले. लॅबमध्ये त्याने डुलकी लागली म्हणून सांगितलं. मला खरं सांगितलं, आणि वर दम दिला, "ताई, मास्तरला कळलं ना, तर दुसऱ्या दिवशी नवीन ड्रमर शोधेल. अल्बम होईपर्यंत तोंड उघडायचं नाही." पंधरा वर्षं त्याने ह्या एका अल्बमची वाट बघितली होती. मी तोंड उघडलं नाही.

मी एका छोट्या स्टुडिओत आवाज साफ करते. फोनवर 'आपण रांगेत आहात' म्हणणारी बाई असते ना, तिचे श्वास कापणं हे माझं काम. खोकला, आवंढा, ओठांची चपचप, सगळं काढायचं. अल्बमचे ड्रमही आमच्याकडेच रेकॉर्ड झाले. बँडची पद्धत अशी की आधी एकटे ड्रम, मग ते नीट करायचे, आणि मग त्यांच्यावर बाकीच्यांनी वाजवायचं. चार दिवस तो काचेपलीकडे घाम गाळत होता. दुसऱ्या दिवसापासून डावा हात मागे पडतोय हे मला ऐकू येत होतं. दर गाण्यानंतर तो बाहेर येऊन विचारायचा, "कसं झालं?" मी म्हणायचे, "झकास." मला काय माहीत, त्या एका शब्दाचं पुढे काय होणार आहे!

स्क्रीनवर प्रत्येक ठोक्याचा एक उंचवटा दिसतो आणि तालाच्या उभ्या रेघा दिसतात. चुकार ठोका ओढून रेघेवर बसवायचा. ह्या संगीतात थोडंफार सगळेच करतात, त्यात पाप नाही. मी दहावीस ठोके सरकवणार होते, आईशप्पथ! पण एक सरळ केला की शेजारचा वाकडा दिसायचा. तो केला की त्याच्या पलीकडचा. अकरा दिवस मी तेच करत बसले. शेवटी पहिल्या सकाळचा त्याच्या डाव्या हाताचा एक खणखणीत ठोका निवडला आणि आठही गाण्यांत डाव्याच्या प्रत्येक ठोक्याच्या जागी तोच चिकटवला. मास्तरने ऐकलं, म्हणाला, "च्यायला, ठोक्या सुटलाय!" मग सगळ्यांनी त्यावर आपापलं वाजवलं आणि अल्बम बाहेर आला.

परीक्षण आलं ते एका खडूस माणसाचं. त्याने चांगलं म्हटलं की बाकीचे चांगलं म्हणतात. ठोक्याने जेवणाच्या टेबलावर उभं राहून ते आम्हाला वाचून दाखवलं. जमेची बाजू : चौथ्या गाण्यात दोन गिटारी एकमेकींत गुंतून जातात आणि एकाच क्षणी सुटतात, तो भाग पुन्हा पुन्हा ऐकावा असा. बास गिटार चक्क ऐकू येते, एरवी ह्या बँडांमध्ये बासवाला फक्त फोटोत असतो. आणि ड्रम. 'असा डावा हात मी आजवर ऐकलेला नाही,' असं वाक्य होतं. ते त्याने दोनदा वाचलं.

मग उणी बाजू. आठ गाणी एकाच वेगाने पळतात, ऐकणाऱ्याला कुठे टेकायला जागा नाही. गायक पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच दारावर डोकं आपटतो. 'आणि सगळ्यात मोठा दोष असा की ह्या अल्बमला श्वास नाही. सगळं इतकं बरोबर आहे की तिसऱ्या गाण्यानंतर हे कुणी माणूस वाजवतोय असं वाटेनासं होतं.'

"बघ ताई, माणूस वाटत नाही म्हणतोय!" ठोक्या खदाखदा हसला. "ह्याहून मोठी शाबासकी असते का?"

आई म्हणाली, "मी हेच सांगत होते तर रागवायचास." सगळे हसले. मी उठून पाणी आणायला गेले.

कार्यक्रम ठरला, तालमी सुरू झाल्या, आणि ठोक्याला त्यातलं काही वाजवता येईना. आता येईना म्हणजे काय, तेव्हाही येत नव्हतं. पण ते मला माहीत, त्याला नाही. गडी स्वतःचाच अल्बम कानाला लावून बसायचा, मग काठ्या उचलायचा, मग टाकून द्यायचा. एका दुपारी तो माझ्यासमोर डावा पंजा उघडून बसला. "चार महिन्यांपूर्वी मी हे वाजवत होतो. चार महिन्यांत एवढं? मग वर्षभरात काय, पाण्याचा ग्लास तरी धरता येईल का मला?" तो घाबरला होता. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. तरी मी मूग गिळून बसले.

मेंदूच्या डॉक्टरांनी फोटो काढले. मानेत एक नस दाबली जात होती. ते म्हणाले, "हे किती वेगाने वाढतंय त्यावर सगळं आहे. हळूहळू असेल तर गोळ्या, व्यायाम, आणि थांबायचं. लोक वर्षानुवर्षं असे राहतात. झपाट्याने वाढत असेल तर मान उघडावी लागेल. ते सोपं नाही. काहींचा असलेला हातही जातो."

ठोक्याने फोन काढला आणि त्यांच्या टेबलावर पाचवं गाणं लावलं. त्या पांढऱ्याशुभ्र खोलीत मौनीची गुरगुर सुरू झाली तशी बाहेरची नर्स दार उघडून बघून गेली. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"हे तुम्ही वाजवलंय?"

"चार महिन्यांपूर्वी," ठोक्या म्हणाला. ताठ बसून म्हणाला. मग त्याने तोच ताल डाव्या हाताने टेबलावर वाजवायला घेतला. पाचव्या-सहाव्या ठोक्याला बोटं आत वळली आणि हात टेबलावर आडवा पडला.

डॉक्टरांनी तारखेची वही पुढे ओढली. "मग थांबण्यात अर्थ नाही. सोमवारी."

मी तिथेच बसले होते. वीतभर अंतरावर. बोलायला हवं होतं, ते सोडून मी तारीख फोनमध्ये टिपून घेतली. कारण तो इतक्या अभिमानाने 'चार महिन्यांपूर्वी' म्हणाला होता. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सोमवारी सकाळी तो हिरव्या झग्यात पलंगावर बसला होता. मानेवर निळ्या पेनाने खूण केली होती. आई कागदांवर सह्या करायला खाली गेली होती. मी त्या खुणेकडे बघितलं. मी दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

तो हसला. "तू घाबरलीस ऑपरेशनला. म्हणून काहीही ठोकून देतेयस."

"अरे, खरं सांगतेय."

"ताई, माझा हात मला ऐकू येत नाही होय?"

लॅपटॉप मी सोबतच आणला होता. हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि त्याने त्या चार दिवसांत जे वाजवलं होतं, ते जसंच्या तसं लावलं. गिटार नाही, गुरगुर नाही, नुसते ड्रम. सुरुवातीला तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने नजर वळवली. चादरीखाली त्याचा उजवा पाय हलायला लागला. डावा हात जिथे मागे पडायचा किंवा मध्येच थांबायचा तिथे त्याच्या भुवया उचलल्या जायच्या. तो एक गाणं ऐकून थांबेल असं मला वाटलं होतं. त्याने दुसरं ऐकलं, तिसरं ऐकलं.

नर्स चाकांचा पलंग घेऊन आली. "चला, वर बोलावलंय."

त्याने हात वर केला. "हे संपू दे."

"असं थांबता येत नाही हो."

"मग मी येत नाही."

ती पुटपुटत डॉक्टरांना बोलवायला गेली. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. शिव्या दे, लॅपटॉप फेक, काहीही कर, मी तयार होते.

"हे वाईट नाहीये गं," तो म्हणाला.

मी लॅपटॉपवरचा आवाज बंद केला.

"डावा मागे पडतोय. कळतंय. पण पडला की मी उजव्याने सावरून घेतोय. तिसऱ्यात तर मजा आलीये त्याने." त्याने वर बघितलं. "मास्तरला ऐकवलं होतंस हे?"

"नाही."

"मौनीला?"

"नाही."

"कुणालाच नाही?"

"नाही रे."

"म्हणजे हे चालणार नाही, असं फक्त तुला वाटलं."

मला म्हणायचं होतं, तुझ्यासाठी केलं. तुला बँडमधून काढतील म्हणून केलं. सगळं खरंच होतं ते. पण त्या अकरा दिवसांत मी एकदाही त्याचं गाणं सलग ऐकलं नव्हतं, नुसत्या रेघा बघितल्या होत्या. हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"परत घालता येईल हे?"

"नाही. बाकीच्यांनी त्या सरळ केलेल्या ठोक्यांवर वाजवलंय. आता हे खाली घातलं तर कुणाचंच कुणाशी जुळणार नाही."

"आणि मी परत वाजवलं तर?"

त्याने हाताकडे बघितलं. मीही बघितलं. 

डॉक्टर आले. मी चोरासारखी उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी रेकॉर्डिंगची तारीख बघितली, मिनिटभर ऐकलं, बोटं वाकवून, ताणून बघितली. मग हातातले कागद मिटले. "म्हणजे चार महिन्यांत फारसा फरक नाही. मग आज मानेला हात लावत नाही मी. अहो, चांगली बातमी आहे, चेहरे का पाडलेत?"

तेवढ्यात आई आली. ऑपरेशन रद्द म्हटल्यावर ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. "पण झालं काय? परवा तर म्हणत होते थांबता येणार नाही."

"माझी चूक झाली, आई," ठोक्या म्हणाला. "मी डॉक्टरांना चुकीचं सांगितलं होतं."

माझं नाव त्याने घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. आईने त्याला चांगलं फैलावर घेतलं, आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला.

आई डॉक्टरांच्या मागे गोळ्या विचारायला गेली तेव्हा त्याने झगा उतरवून शर्ट चढवला. बटणं लावायला लागला. डाव्या हाताची बोटं वळली, बटण निसटलं. मी सवयीने पुढे झाले.

"नको," तो म्हणाला. रागाने नाही, शांतपणे म्हणाला. "तू हात नको लावूस."

मी मागे सरकले. त्याने एकेक बटण लावलं, बराच वेळ लागला. वरून तिसरं चुकून चौथ्याच्या काजात गेलं, म्हणून खालची सगळीच सरकली आणि शर्टाचं एक टोक लोंबत राहिलं. मला ते दिसत होतं. माझे हात शिवशिवत होते. मी ते पाठीमागे धरून ठेवले.

"चल," तो म्हणाला, आणि आम्ही तसेच खाली उतरलो.